वाय-फाय अडले, तरी धंदा अडू नये!

घरबसल्या व्यवसाय करणारी कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. कुठे जरीकाम चालते, कुठे शिवणकाम, कुठे बिर्याणीच्या ऑर्डरी घेतल्या जातात, तर कुठे शिकवण्या होतात. नमुन्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात आणि पैसे यूपीआयने येतात. रमजानच्या ऐन हंगामात वाय-फाय अडखळले, तर ग्राहक थांबत नाही. तो दुसरीकडे जातो. मग घाईघाईने महागडा प्लॅन घेतला जातो, तरीही कटकट सुटत नाही. कारण बिघाड नेमका कुठे आहे, हे कुणी पाहिलेलेच नसते.

बिघाडाची जागा शोधा

कंपनीची लाइन घरापर्यंत इंटरनेट आणते. राउटरपासून आपल्या फोनपर्यंत ते रेडिओ लहरींनी पोचवण्याचे काम वाय-फाय करते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर सिग्नलच येत नाही. तार कुठे मुडपली किंवा दारात चेपली आहे का, ते पाहावे. तिचे टोक उघडून डोळ्यांसमोर मात्र धरू नये. अशा वेळी कंपनीकडे तक्रार करणे हाच मार्ग आहे.

दिवे ठीक असतील, तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासावा. केबलवर वेग पुरेसा, पण आतल्या खोलीत कमी, तर दोष वाय-फायचा. केबलवरही कमी, तर बहुधा लाइनचा. एकाच फोनवर अडचण असेल, तर त्या फोनमधील जुने नेटवर्क काढून पासवर्ड पुन्हा टाकावा.

वेगाच्या आकड्याचाही घोटाळा होतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. यात कुणी फसवलेले नसते.

राउटर कुठे ठेवावा?

अनेक घरांत राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी असतो. लोखंड, आरसे, पाण्याची टाकी आणि सिमेंट काँक्रीटच्या भिंती लहरी अडवतात. घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी तो ठेवल्यास पैसा न खर्चता फरक पडतो.

राउटरचे बहुधा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर पोचतो, पण त्यात गर्दी फार. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, इतकेच काय, मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते. दाट वस्तीत १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे क्षीण होतो. म्हणून राउटरच्याच खोलीत काम असेल तर ५, लांबच्या खोलीत असेल तर २.४ वापरावा.

राउटर वारंवार आपोआप बंद-चालू होत असेल, तर त्याचा अ‍ॅडॉप्टर तपासावा. नवा घेताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेवढेच असावेत आणि अँपिअर कमी नसावेत. वीज जाणाऱ्या भागात राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी-बॅकअप घ्यावा.

पासवर्ड ही अमानत

शेजाऱ्याला मदत करणे सवाबचे काम आहे. परंतु आपल्या लाइनवरून कुणी फसवणूक केली, तर पहिली चौकशी आपल्याकडे येते. म्हणून पासवर्ड जपून द्यावा, अधूनमधून बदलावा आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हाच पर्याय ठेवावा. दुसऱ्याचे वाय-फाय परवानगीशिवाय वापरणेही योग्य नाही.

दोष लाइनचाच ठरला, तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा. तारीख, वेळ आणि केबलवर मिळालेला वेग वहीत लिहून ठेवावा. तक्रार सुटली नाही, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्याला शुल्क नाही.

हंगाम सुरू होण्याआधीच एक संध्याकाळ काढून ही तपासणी करावी. ग्राहकाला दिलेला वायदा पाळणे ही व्यापाऱ्याची खरी पुंजी आहे, आणि ती एका तारेपायी गमावण्याचे कारण नाही.