वस्तूंचा राखणदार : लॉरेन्स सिकमन

वस्तुसंग्रहालय पाहावयास आपण जातों तेव्हां कपाटांतील वस्तु आपणांस दिसतात. त्या तेथें कोणी आणल्या व कशा आणल्या, हें सहसा मनांत येत नाहीं. हें ज्याचें काम, त्याला क्यूरेटर म्हणजे अभिरक्षक म्हणतात. चिनी कलेच्या अशा एका अभिरक्षकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

लॉरेन्स सिकमन यांचा जन्म १९०७ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं झाला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी १९३० सालीं घेऊन ते शिष्यवृत्तीवर पेकिंगला गेले. त्याच सुमारास कॅन्सस सिटी येथें विल्यम रॉकहिल नेल्सन या वृत्तपत्रमालकानें मागें ठेवलेल्या संपत्तींतून एक संग्रहालय उभें राहत होतें. पैसा होता, भिंती उठत होत्या. वस्तु मात्र जमवावयाच्या होत्या. सिकमन यांचे गुरु लँग्डन वॉर्नर हे त्या संस्थेचे सल्लागार; त्यांच्यामुळें चीनमधील खरेदीचें काम या पंचविशीच्या तरुणाकडे आलें.

हें काम सोपें नव्हे. चिनी चित्र रेशमावर किंवा कागदावर काढून गुंडाळून ठेवतात. तें ज्याच्या मालकीचें होई त्यानें त्यावर आपली तांबडी मुद्रा उठवावी, कोणी अभिप्रायहि लिहावा, अशी तेथील चाल. त्या मुद्रा वाचतां आल्या पाहिजेत, आणि मुद्राहि बनावट असूं शकतात हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. अशी पारख करून सिकमन यांनीं मिळविलेल्या वस्तूंत अकराव्या शतकांतील शू दाओनिंग याचें, सायंकाळच्या कोळ्यांचें, लांब चित्र आहे. क्वानयिनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, रंगविलेली भव्य काष्ठमूर्तिहि आहे.

परंतु त्यांच्या कारकीर्दींतील खरी कसोटी निराळीच होती. हनान प्रांतांत लोयांगजवळ लोंगमेन येथें चुनखडीच्या कड्यांत बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील एका लेण्याच्या भिंतीवर सहाव्या शतकाच्या आरंभीं, परिवारासह पूजेस निघालेल्या सम्राटाची व सम्राज्ञीची मिरवणूक कोरलेली होती. सिकमन यांनीं ती जागेवर पाहिली होती. पुढें तिचेच तुकडे पेकिंगच्या बाजारांत दिसूं लागले. कोठें एक मस्तक, कोठें वस्त्राची एक घडी. चोरांनीं तें शिल्प छिन्नीनें फोडून काढलें होतें. सिकमन यांनीं सम्राज्ञीच्या शिल्पाचे तुकडे चिकाटीनें गोळा केले. ते जुळवून, हरवलेले भाग भरून तें कॅन्सस सिटींत उभें करण्यांत आलें. सम्राटाचें शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत गेलें.

याला रक्षण म्हणावें कीं हरण? तुकडे विखुरले असते तर शिल्प कायमचें नाहींसें झालें असतें, असें एक पक्ष म्हणतो. गिऱ्हाईक होतें म्हणूनच छिन्नी चालली, असें दुसरा म्हणतो. १९३० सालीं चीननें प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा कायदा केला होता; पण अशांत काळांत त्याचा अंमल दुबळा होता. माझ्या मतें दोन्ही पक्षांत सत्य आहे. एका माणसाचा हेतु शुद्ध असला, तरी त्याच्या पैशानें चालणारा बाजार शुद्ध होत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील कलावस्तूंच्या रक्षणकार्यांत सिकमन यांनीं भाग घेतला. १९५३ ते १९७७ पर्यंत ते त्याच संग्रहालयाचे संचालक होते. अलेक्झांडर सोपर यांच्यासह लिहिलेला चिनी कला व वास्तुशिल्प यांवरील त्यांचा ग्रंथ १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. १९८८ सालीं ते वारले. लोंगमेनचीं लेणीं २००० सालीं जागतिक वारशांत नोंदलीं गेलीं. त्या भिंतीवरील घाव मात्र तसेच आहेत.

मुंबईच्या संग्रहालयांतहि सर रतन टाटा यांच्या संग्रहांतील चिनी वस्तु आहेत. मुलांना घेऊन त्या पाहावयास जाल, तेव्हां वस्तु किती जुनी एवढेंच विचारूं नका. ती कोठून आली, हेंहि अवश्य विचारा.