घरच्या संगणकावर गावचं पाणी

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते भूजलाच्या मॉडेलबद्दल. शास्त्रीय मराठीत त्याला प्रतिमान म्हणतात. पण मला प्रश्न विचारला जातो तो असा : ‘सर, ते पाण्याचं सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरवर चालेल का?’ मी भूजलशास्त्र शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न कधी पदवीच्या मुलांकडून येतो, कधी एखाद्या ग्रामसेवकाकडून, तर कधी डाळिंबाची बाग असलेल्या शेतकऱ्याकडून. उत्तर सोपं आहे. चालतं, आणि फुकट चालतं. ते चालवून हाती काय लागतं आणि काय लागत नाही, हे सांगायला मात्र थोडा वेळ लागतो.

आधी संगणक बाजूला ठेवून कागदावर हिशेब करू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. समजा, आपल्या गावाचं पाणलोट क्षेत्र दहा चौरस किलोमीटर, म्हणजे एक हजार हेक्टर आहे. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर. तर गावाच्या शिवारात पडलेलं सगळं पाणी होतं ६० लाख घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. यातलं बरंचसं ओढ्याने वाहून जातं, बरंचसं पिकं आणि झाडं पितात किंवा त्याची वाफ होते. दहा टक्के खाली मुरतं असं धरलं, तर जमिनीच्या पोटात जमा झाले ६ लाख घनमीटर.

आता खर्च. गावात शंभर विहिरी आणि बोअर आहेत. एक पंप तासाला दहा हजार लिटर पाणी उपसतो आणि दिवसाला सहा तास चालतो. म्हणजे रोजचे ६० घनमीटर. असे वर्षातले शंभर दिवस. एकूण उपसा ६ लाख घनमीटर. जमा आणि खर्च तोंडाला तोंड भिडले. त्यात पिण्याचं पाणी धरलेलं नाही, ओढ्याला हिवाळ्यात वाहतं ठेवणारं पाणीही धरलेलं नाही. आणि अशा वेळी आणखी वीस जण बोअर घ्यायला निघाले आहेत.

याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून, ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायची पद्धत पाडली, ती आपल्याला ठाऊक आहेच. ताळेबंदाला संगणक लागत नाही. ग्रामसभेतल्या फळ्यावरही तो मांडता येतो आणि कुठलंही मॉडेल करण्याआधी तो मांडलाच पाहिजे.

मग मॉडेल कशाला? तर ताळेबंद पाणी ‘किती’ ते सांगतो, ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ ते सांगत नाही. वीस नवे बोअर झाले तर १ लाख २० हजार घनमीटरची तूट येईल, एवढं कागदावर दिसतं. पण ती तूट कुणाच्या विहिरीत दिसेल? माळावरच्या शेतकऱ्याच्या, की ओढ्याकाठच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत? मार्चमध्ये, की मेमध्ये? १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी केली. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण जमिनीखालचं पाणी वर्तुळ पाहून चालत नाही. ते खडक जिकडे वाट देईल तिकडे जातं. या ‘कुठे’ आणि ‘केव्हा’साठी मॉडेल.

मॉडेल करतं काय, तर आपल्या शिवारावर एक जाळी टाकतं. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद, म्हणजे एकेक हेक्टरचे चौकोन केले तर आपल्या गावाचे एक हजार चौकोन झाले. वर मुरमाचा थर, खाली मांजऱ्या खडकाचा, असे दोन थर धरले तर दोन हजार. प्रत्येक चौकोनाला आपलं पासबुक असतं. वरून मुरलेलं पाणी जमा, पंपाने उपसलेलं खर्च, आणि शेजारच्या चौकोनांशी देवाणघेवाण. ही देवाणघेवाण कशी होते, ते हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून दाखवलं. दोन ठिकाणच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक जास्त आणि मधलं अंतर जितकं कमी, तितकं पाणी जास्त वाहतं. त्याला गुणायचं ते खडकाच्या वहनक्षमतेने. दोन हजार पासबुकं, वर्षाचे ३६५ दिवस, आणि प्रत्येकाचा हिशेब शेजाऱ्यावर अवलंबून. माणसाने हे हाताने करायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. संगणकाला ते फारसं जड नाही.

यासाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा प्रोग्राम म्हणजे ‘मॉडफ्लो’. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या मायकेल मॅकडोनाल्ड आणि आर्लेन हारबॉ यांनी तो तयार केला. पहिली आवृत्ती १९८४ ची. सरकारी खर्चाने झालेलं काम म्हणून तो सर्वांना खुला ठेवला गेला. २०१७ मध्ये ‘मॉडफ्लो ६’ आला. त्याच संस्थेचा ‘मॉडेलम्यूज’ नावाचा जोडीदार प्रोग्रामही फुकट मिळतो. मॉडफ्लो हा हिशेबनीस, तर मॉडेलम्यूज हा नकाशे आखणारा आणि आकडे भरून देणारा कारकून. आपल्याला दोघेही लागतात.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. विंडोज असलेला घरातला साधा संगणक चालतो. संस्थेच्याच संकेतस्थळावरून दोन्ही प्रोग्राम उतरवून घ्यावेत. दुसऱ्या कुणी दिलेली प्रत घेऊ नये. मॉडफ्लो दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखा, झिप फाइलच्या रूपात येतो. तो एखाद्या साध्या फोल्डरमध्ये सोडवावा. फोल्डरचं नाव लहान, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता दिलं, तर पुढच्या बऱ्याच कटकटी टळतात. त्यानंतर मॉडेलम्यूज बसवायचा आणि हिशेबनीस कोणत्या फोल्डरमध्ये बसला आहे ते त्याला एकदा दाखवून द्यायचं.

इथे बहुतेक जण एका गोष्टीला दचकतात. मॉडफ्लोच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की एक काळी चौकट क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. मंडळी समजतात, प्रोग्राम बिघडला किंवा व्हायरस आला. तसं काही नसतं. या प्रोग्रामला स्वतःची खिडकीच नाही. तो आला, त्या फोल्डरमध्ये मॉडेलची यादी असलेली फाइल शोधली, ती सापडली नाही म्हणून निघून गेला. त्याला काम द्यायचं ते मॉडेलम्यूजमधून. आपलं गाव मांडण्याआधी सोबत आलेल्या नमुन्यांपैकी एक चालवून पाहावा. शेवटी ‘नॉर्मल टर्मिनेशन ऑफ सिम्युलेशन’ अशी ओळ आली की समजावं, हिशेबनीस कामावर रुजू झाला.

मग आपलं गाव. पाणलोटाची सीमा आखायची, जमिनीची उंची भरायची, थरांची जाडी, ओढा, विहिरी. इथे एकच पथ्य कडक पाळावं : सगळी मापं मीटर आणि दिवस यांतच द्यावीत. आपल्याकडे विहीर फुटात, पंप हॉर्सपॉवरमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पाणी लिटरमध्ये बोललं जातं. हे सगळं तसंच भरलं तर संगणक तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो. आपल्या उदाहरणातला पंप ‘उणे ६०’ असा भरायचा. उणे म्हणजे काढलेलं पाणी. उणे चिन्ह राहिलं, तर तोच पंप रोज ६० घनमीटर पाणी जमिनीत ओतू लागतो आणि गावाचं पाणी कागदोपत्री वाढतं!

मॉडेल चाललं की रंगीत नकाशा पाहण्याचा मोह होतो. त्याआधी जमाखर्चाची फाइल उघडावी. एकूण आलेलं आणि एकूण गेलेलं पाणी यांतला फरक तिथे टक्क्यांत दिलेला असतो. तो एक टक्क्याहून कमी असावा. तसा नसेल तर नकाशा कितीही सुंदर दिसला तरी बाजूला ठेवावा.

आता मी येतो कळीच्या मुद्द्याकडे. गणित जुळलं म्हणजे गाव जुळलं असं नाही. खडकात किती पाणी मावतं, हा आकडा आपण मॉडेलला अंदाजाने दिलेला असतो. पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खडकाच्या एकूण आकारमानाच्या दोन टक्के पाणी मिळतं, असं धरू. मग एका हेक्टरात एक मीटरला २०० घनमीटर पाणी. आपला ६० घनमीटरचा पंप ते सव्वातीन दिवसांत संपवेल, शेजारून भर पडली नाही तर. आणि उलट बाजूने पाहिलं, तर ६ लाख घनमीटर पाणी मुरल्यावर गावाची पातळी सरासरी तीन मीटरने चढायला हवी.

पण प्रत्यक्षात विहिरी सहा मीटर चढल्या तर? त्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक तर पाऊस दहा नव्हे, वीस टक्के मुरला असेल. म्हणजे गावाजवळ १२ लाख घनमीटर पाणी आहे आणि वीस नव्या बोअरना जागा आहे. किंवा मुरला दहा टक्केच, पण खडकात दोन ऐवजी एकच टक्का पाणी मावतं. म्हणजे पाणी ६ लाखच, आणि पातळी जशी भराभर चढली तशीच भराभर उतरणार आहे. दोन्ही आकड्यांनी मॉडेल विहिरींच्या सहा मीटरशी तंतोतंत जुळतं. एक अर्थ खरा मानला तर गाव निर्धास्त, दुसरा मानला तर मे महिन्यात टँकर. संगणक कितीही महाग घेतला तरी यातला खरा कोणता ते तो सांगू शकत नाही.

ते सांगतो उपसा. शंभर दिवसांत प्रत्यक्ष किती पाणी काढलं आणि तेवढ्याने पातळी किती उतरली, या दोन गोष्टी नोंदलेल्या असतील, तर खडकाची तिजोरी केवढी आहे ते उमगू लागतं. म्हणून मी गावात गेलो की सॉफ्टवेअरच्या आधी वही मागतो. पातळीची नोंद असते, कारण शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. उपशाची नोंद मात्र सहसा कुणाकडेच नसते.

वही असेल, तर मॉडेलला मोलाचे प्रश्न विचारता येतात. नवे वीस बोअर ओढ्याजवळ घेतले तर काय, आणि माळाकडे घेतले तर काय? पंप सहाऐवजी चार तास चालवले तर पिण्याच्या विहिरीत मेमध्ये किती पाणी उरेल? दोन गोष्टी अशा मॉडेलमध्ये डोळ्यांना दिसतात, एरवी त्या पटत नाहीत. पहिली, खालच्या थरात घेतलेला खोल बोअर हा निराळा खजिना नसतो. वरचा थर त्याच्याशी जोडलेला असेल, तर तो हळूहळू वरच्या विहिरींचंच पाणी खेचतो. दुसरी, पंप बंद केला की परिणाम तिथेच थांबत नाही. दूरच्या विहिरीत पाणी त्यानंतरही काही काळ उतरत राहतं. एप्रिलमध्ये टंचाई दिसल्यावर पंप बंद करण्यापेक्षा जानेवारीत आवर घालणं का गरजेचं, ते यातून कळतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. त्यातलं पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं; ते भेगांतून आणि सांध्यांतून चालतं. मॉडफ्लोचा साधा हिशेब मात्र खडक आतून सच्छिद्र आहे, असं धरून होतो. पूर्ण पाणलोटाच्या पातळीवर हे सरासरीने निभावून जातं. पण ‘माझ्या बांधावर बोअरला पाणी लागेल का’, याचं उत्तर हा प्रोग्राम देत नाही. पाणाड्याच्या नारळाच्या जागी संगणक आणून ठेवला, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होईल.

तेव्हा ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी सुरुवात शिवारातून करावी. आठ-दहा विहिरी निवडाव्यात : काही माळाच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या, आणि त्यांत पिण्याच्या पाण्याची विहीर हवीच. काठावर रंगाची एक खूण करावी आणि तिथूनच, पंप सुरू होण्याआधी, टेपने पातळी मोजावी. पंपाखाली दोनशे लिटरचा पिंप धरावा. तो ७२ सेकंदांत भरला तर पंप तासाला दहा हजार लिटर देतो. पंप रोज किती तास चालला, ते दाराच्या मागे टांगलेल्या कॅलेंडरवर लिहावं. शाळेतली मुलं हे काम हौसेने करतात. ऑक्टोबरला सुरुवात केली तर मेअखेर पहिल्या वर्षाचे आकडे हाती येतील. मॉडफ्लो तोवर उतरवून घ्यावा आणि सोबतच्या नमुन्यांवर हात बसवावा.