किती आणि किती लवकर

उच्च माध्यमिक वर्गांच्या रसायनशास्त्रात रासायनिक समतोलाचे प्रकरण बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री घोकले जाते, आणि दाब वाढविला की समतोल कोणीकडे सरकतो, तापमान वाढविले की कोणीकडे, एवढ्या उत्तरांच्या शिदोरीवर विद्यार्थी परीक्षेला बसतात. ज्या प्रकरणात निसर्गाची इतकी सुंदर शिस्त प्रकट होते त्याची अशी बोळवण व्हावी, याचा मला मनःपूर्वक खेद वाटतो. अभिक्रिया किती पुढे जाईल हा एक प्रश्न आणि ती किती लवकर जाईल हा दुसरा. या दोहोंची सरमिसळ हेच येथील बहुतेक चुकांचे मूळ आहे.

अमोनियाचेच उदाहरण घ्यावे. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात, आणि त्यात सुमारे ९२ किलोज्यूल प्रतिमोल नायट्रोजन इतकी उष्णता बाहेर पडते. बंद पात्रात काही काळाने सारे निश्चल भासू लागते. वस्तुतः ज्या वेगाने अमोनिया घडत असतो त्याच वेगाने तो मोडतही असतो. अशा समतोलावर बाहेरून बदल लादला, तर तो त्या बदलाचा परिणाम अंशतः कमी होईल अशा दिशेने सरकतो, हा नियम फ्रेंच रसायनज्ञ ले शातेलिए यांनी १८८४ साली मांडला. चार रेणूंचे दोन होतात म्हणून दाब वाढविणे हितावह, आणि अभिक्रिया उष्मादायी म्हणून तापमान उतरविणे हितावह, असा निवाडा त्यातून सरळ मिळतो.

परंतु हा निवाडा केवळ ‘किती’ या बाबीपुरता आहे. नायट्रोजनच्या रेणूतील त्रिबंध तोडण्यास सुमारे ९४५ किलोज्यूल प्रतिमोल ऊर्जा लागत असल्यामुळे, थंड मिश्रणात समतोल कितीही अनुकूल असला तरी तेथवर पोहोचण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. स्वतः ले शातेलिए यांनी १९०१ मध्ये अमोनिया घडविण्याचा प्रयोग आरंभिला होता, पण स्फोट झाल्यावर त्यांनी तो सोडून दिला. १९०९ मध्ये कार्ल्सरूऽ येथे फ्रिट्झ हाबर यांनी ऑस्मियमच्या साहाय्याने अमोनिया सिद्ध केला. पुढे कार्ल बॉश व आल्विन मिटाश यांनी स्वस्त लोह-उत्प्रेरकाची तजवीज केली, आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथील कारखाना सुरू झाला. उत्प्रेरक पुढची आणि मागची अशा दोन्ही अभिक्रियांना सारखीच गती देतो, म्हणून अंतिम प्रमाणात तो तिळमात्र फरक करीत नाही. तथापि त्याच्यामुळे कमी तापमानावर काम भागते आणि तेवढा लाभ मात्र पदरात पडतो. म्हणूनच कारखान्यात सुमारे ४५० अंश सेल्सिअस आणि २०० वातावरण दाब अशी तडजोड पत्करतात, तयार अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात.

या समतोलात आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू मिसळला तर काय होईल, हा प्रश्न हमखास चकवतो. पात्राचे आकारमान कायम ठेवून आर्गॉन मिसळला तर एकूण दाब वाढतो खरा, पण अभिक्रियेतील वायूंचे आंशिक दाब तेच राहत असल्याने समतोल जागचा हलत नाही. तोच एकूण दाब कायम ठेवून मिसळला तर आकारमान वाढते, आंशिक दाब उतरतात आणि काही अमोनिया विघटित होतो. समतोल स्थिरांक मात्र दोन्ही प्रसंगी तोच राहतो. त्यावर फक्त तापमानाचीच हुकमत चालते.