रिपोर्ट नॉर्मल, पोट नाही

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रकारचे आले: "ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, पण त्रास काही थांबत नाही." म्हणून हा भाग फक्त त्यावर. ऐकायला जमलं नसेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना लागलेलं पाल्हाळ कापलंय.

मी डॉक्टर नाही. ऐरोलीत एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. साडेतीन वर्षांपूर्वी मला क्रोन्सचं निदान झालं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा आजार. औषधं लागू पडली आणि गेल्या वर्षी एमआर एन्टेरोग्राफीत सूज दिसली नाही. आईने पेढे वाटले. मी मात्र त्या आठवड्यातही दिवसाला चार-पाच वेळा पळत होते. मग सुरू झालं, "अगं, आता तर रिपोर्ट चांगला आलाय ना? टेन्शन घेतेस तू." हे वाक्य दुखण्यापेक्षा जास्त दमवतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्या धंद्यात असं रोज होतं. सर्व्हरचे लॉग स्वच्छ असतात आणि युजर म्हणतो ॲप अडकतंय. तेव्हा 'तुम्हाला भास होतोय' असं आपण म्हणत नाही (काही जण म्हणतात, असो). आपण मुळात लॉग कशाकशाचा ठेवलाय, ते आधी बघतो. पोटाच्या तपासण्यांना हाच प्रश्न विचारायचा.

साध्या सोनोग्राफीत आतड्यातला वायू आडवा येतो. सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफीत लिटरभर किंवा जास्तच द्रव प्यायला लावून आतडं फुगवतात. त्यात भिंतीची जाडी, अरुंद झालेला भाग, गळू हे छान दिसतं. अगदी वरवरचे बारीक व्रण मात्र निसटू शकतात. कोलोनोस्कोपीत मोठं आतडं आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक दिसतं. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. वरून घातलेली दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते, म्हणजे मधला बराच भाग दोन्हीकडून राहतो. त्यासाठी कॅप्सूल एन्डोस्कोपी असते: मोठ्या गोळीएवढा कॅमेरा गिळायचा. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर तो अडकू शकतो, म्हणून ते आधी तपासतात. आणखी एक प्रकार म्हणजे मायक्रोस्कोपिक कोलायटिस. त्यात दुर्बिणीतून अस्तर ठीकठाक दिसतं आणि आजार फक्त बायॉप्सीच्या तुकड्यात सापडतो. म्हणून 'कोलोनोस्कोपी नॉर्मल' असं कळलं की बायॉप्सी घेतली होती का, हेही विचारा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती तपासणी दिसायला सगळ्यात साधी आहे: शौचाच्या नमुन्यातलं कॅल्प्रोटेक्टिन. सुजेच्या जागी पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यात सूज असण्याची शक्यता कमी. 250 च्या वर गेलं तर डॉक्टर सहसा सूज धरून चालतात. मधला पट्टा संदिग्ध, तिथे काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही हा आकडा वाढतो. तसंही आमच्यासारख्यांनी त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

माझा आकडा 38 आला. म्हणजे सूज खरंच शांत होती आणि तरीही त्रास होता. हे आधी विचित्र वाटलं. पण सूज शांत असलेल्या रुग्णांतही साधारण तिघांपैकी एकाला आयबीएससारखी लक्षणं राहतात. आतड्याला स्वतःचं मोठं चेतातंतूंचं जाळं असतं. महिनोन्‌महिने सूज सोसल्यावर ते हळवं होऊन बसतं. मग नेहमीचा वायू, नेहमीचं जेवणसुद्धा मेंदूपर्यंत कळ म्हणून पोचतं. ती कळ खरी असते, पण फोटोत येत नाही. कारण फोटो भिंतीचा काढलेला असतो, तिच्यातल्या वायरिंगच्या वागणुकीचा नव्हे.

दुसरं कारण क्रोन्समध्ये खास बघण्यासारखं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्तक्षार परत शोषले जातात, बी-12 सुद्धा तिथेच. तो भाग पूर्वी सुजून गेलेला असेल किंवा ऑपरेशनमध्ये काढला असेल, तर उरलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात जाऊन जुलाब लावतात. त्यावर कोलेस्टिरामीनसारखी वेगळी औषधं आहेत. दूध न पचणं तर आपल्याकडे घरोघरी आहे.

आता हे सगळं का सांगतेय? कारण त्रास वाढला की अनेक जण मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवून प्रेडनिसोलोन घेतात. सूजच नसेल तर स्टिरॉइड कशावर काम करणार? हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे मात्र होऊ शकतं. शिवाय बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, आणि ते धोक्याचं आहे. उलट, बरं वाटत नाही म्हणून सूज दाबणारं नेहमीचं औषध सोडणंही तितकंच वाईट.

हळव्या चेतातंतूंवर अमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत देतात. ही मूळची नैराश्यावरची गोळी, त्यामुळे नाव गूगल केलं की घरी गोंधळ होतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या अटलांटिस नावाच्या चाचणीत आयबीएसच्या 463 रुग्णांवर हे तपासलं. 10 ते 30 मिलिग्रॅममध्ये लक्षणं खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झाली. त्यात क्रोन्सचे रुग्ण नव्हते, म्हणून हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

खाण्याबद्दल: कांदा, लसूण, गहू यांतले फ्रुक्टान नीट पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू करतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावर लो-फॉडमॅप आहार तयार केला. तो काही आठवड्यांपुरता करायचा, मग एकेक पदार्थ परत आणायचा, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीने. कायमचा केलात तर वाळाल. मराठी स्वयंपाकात कांदा-लसूण काढायचा म्हणजे काय ते आईला विचारा! पण एक युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्याच तेलात हिंगाची फोडणी. स्वाद तोच. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी मला मानवली.

उरला प्रवास. मी खारघरहून ठाणे लोकल पकडते आणि लोकलमध्ये टॉयलेट नसतं. त्यामुळे निघायच्या दीड तास आधी चहा-नाश्ता उरकते, कारण पोटात काही पडलं की आतडं हलतं, हा शरीराचा नियमच आहे. बॅगेत एक जोड कपडे असतात. टीम लीडला मी एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगितलं. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी 2007 आणि 2020 मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे पद सोडलं होतं, हे उदाहरण तिथे कामी आलं.

एक गोष्ट मात्र थांबवू नका. रक्त पडणं, ताप, वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पोट फुगून उलट्या आणि शौच-वायू बंद, यांतलं काहीही झालं तर जुना नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जा. शेवटचं लक्षण असेल तर थेट इमर्जन्सीत. आपल्याकडे आतड्याचा टीबीही अगदी क्रोन्ससारखा दिसतो, म्हणून नवा ताप आणि वजन घटणं कधीच अंगावर काढू नका.

आणि ओपीडीत जाताना पंधरा दिवसांची नोंद फोनमध्ये न्या: किती वेळा, रात्री उठावं लागलं का, आधी काय खाल्लं, पाळी चालू होती का. मी 'पोट बिघडलंय' म्हणायचे तेव्हा दोन मिनिटांत बाहेर यायचे. नोंद दाखवली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदाच पित्तक्षारांबद्दल विचारलं.

पुढच्या भागात आरोग्य विमा आणि 'आधीपासूनचा आजार' हा रकाना. प्रश्न आत्ताच पाठवून ठेवा.