तळघरातला सिनेमा आणि आखडलेली मान

गेल्या महिन्यात एक सेवानिवृत्त गृहस्थ मानेला पट्टा बांधून दवाखान्यात आले. ओझे उचलले नव्हते, पडलेही नव्हते. चौकशी करता कळले की, मुलाने बंगल्याच्या तळघरात प्रोजेक्टर बसवला आहे आणि रोज रात्री घरची मंडळी गादीवर बसून सिनेमा पाहतात. छत जेमतेम सात फूट; पडदा मात्र शंभर इंची, थेट छताला भिडवलेला! दुखण्याचे मूळ सापडले.

साताऱ्यासारख्या उतारावरच्या गावांत घराखाली अशी ठेंगणी खोली सहज निघते. तिचा असा उपयोग करण्यात वावगे काही नाही. उलट हातभर अंतरावरच्या मोबाईलपेक्षा दहा फुटांवरचा पडदा पाहताना डोळ्यांच्या स्नायूंना कमी ताण पडतो. चूक होते ती मांडणीत. आपण आधी यंत्र टांगतो, मग पडदा लावतो आणि माणसांना उरल्या जागेत बसवतो. हा क्रम उलटा हवा.

आधी नजर मोजा

नेहमीच्या जागी बसा आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची टेपने मोजा. खुर्चीवर ती सुमारे पावणेचार फूट, गादीवर अडीच फूट भरते. सरळ नजर पडद्याच्या मध्याच्या थोडी खाली, साधारण खालच्या तिसऱ्या भागाशी यावी. आपले डोके चार-पाच किलोचे असते. पडदा उंच असला की ते मागे कलते आणि तो भार अडीच तास मानेचे स्नायू पेलत राहतात. जत्रेच्या तंबूत अगदी पुढे बसून सिनेमा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको!

शंभर इंची चित्र सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच असते. त्यासाठी बैठक दहा-अकरा फूट मागे हवी. खोली लहान असेल तर ऐंशी इंचांवर समाधान माना.

यंत्र कोठे असावे?

मधोमध तिपाईवर प्रोजेक्टर ठेवला की येता-जाता माणसे झोतात येतात आणि मुले कुतूहलाने भिंगात डोकावतात. हा झोत जवळून पाहणे डोळ्यांना घातक आहे. म्हणून यंत्र बैठकीच्या मागे, छतालगत, पक्क्या ब्रॅकेटवर बसवावे. तिरके लावून बटणाने चित्र चौकोनी केल्यास त्याची स्पष्टता कमी होते आणि धूसर अक्षरे वाचताना डोळे शिणतात. गरम हवा बाहेर पडण्यासाठी यंत्राभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी.

खोली अगदी काळीकुट्ट करू नये. मागे मंद दिवा ठेवला तर डोळ्यांना आराम पडतो आणि जिन्यावर पाय चुकत नाही. आवाज एवढाच असावा की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागू नये.

हवेचे काय?

तळघराचा खरा शत्रू ओल. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याचा त्रास बळावतो. ओल असताना भिंतींना जाड पडदे किंवा गालिचे लावू नयेत. आधी गळती थांबवावी. खोलीला झरोका आणि एक्झॉस्ट फॅन हवाच. बंद खोलीत सात-आठ माणसे दोन तास बसली की डोके जड होते, ते सिनेमामुळे नव्हे, कोंदट हवेमुळे. वीज गेली तरी तळघरात जनरेटर कधीही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू वासाविना जीव घेतो.

मध्यंतर होऊ द्या. वर जा, पाणी प्या, मान सैल करा. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त पडदा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. त्याहून लहानांना तर टाळावाच.

हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे, डोळे सतत लाल राहणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही आढळल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.

त्या गृहस्थांच्या घरी मुलाने पडदा दीड फूट खाली आणला आणि वडिलांना पाठ टेकायला खुर्ची दिली. आता पट्टा खुंटीला आहे आणि सिनेमा सुरू आहे.