कोठीतली झोप

एप्रिल संपत आला की आमच्याकडे गव्हाचं सॅम्पल यायचं. कागदाच्या पुडीत मूठभर दाणे. आई त्यातला एक दाढेखाली धरायची आणि चावायची. ‘कट्ट’ वाजलं तर पोतं घ्यायचं. दाणा नुसताच चेपला, तर पुडी परत आणि वर निरोप, ‘अजून चार दिवस ऊन दाखवा म्हणावं.’ साठवणीच्या गव्हात ओल साधारण 12 टक्क्यांच्या आत हवी. तेवढा वाळलेला दाणा काचेसारखा फुटतो, ओल जास्त असली की तो चिवट होतो. टक्के बिक्के आईला ठाऊक नव्हते, पण दाढेला होते.

गहू बहुतेक वेळा लोकवन. हे नाव लोक आणि वन मिळून झालं असेल, असं मी बरीच वर्षं समजत होतो. वाण आहे ‘लोक-1’. सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला आणि त्यातल्या ‘वन’चं आपण बाजारात लोकवन करून टाकलं.

तर असा गहू पोत्याने यायचा, गच्चीवर पसरायचा, चाळून-पाखडून पत्र्याच्या कोठीत जायचा. वर्षाची बेगमी झाली, असं म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडायचे. श्वास कोठीतही चालू असायचा, हे मला फार उशिरा कळलं. गव्हाचा अख्खा दाणा जिवंत असतो. त्याच्या टोकाशी एक कोंब निजलेला असतो आणि निजलेल्याने घ्यावा तसा तो मंद श्वास घेत असतो. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साईड बाहेर, सोबत किंचित पाणी आणि किंचित उष्णता. दाणा कोरडा असला तर हा श्वास इतका संथ की मोजायला प्रयोगशाळा लागावी. ओल वाढली की श्वास वाढतो, श्वासातून पुन्हा पाणी आणि उष्णता सुटते, त्याने श्वास आणखी वाढतो. मार्केट यार्डातला जुना आडत्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसतो तो यासाठीच. वरचे दाणे गार आणि आतले कोमट लागले की त्याने ओळखावं, या मालाची झोप मोडली आहे. आपल्याकडे साठवणुकीचे जेवढे म्हणून रिवाज आहेत, ते मला तेव्हापासून एखाद्या पाळण्याशेजारी पाळायच्या शिस्तीसारखे वाटतात. ओला हात घालू नको, पावसाळ्यात उगाच झाकण उघडू नको, कोठी भिंतीला चिकटवू नको, खाली पाट ठेव.

आता या झोपेवर टपलेला चोर. बंद डब्यात सोंडे कुठून आले, हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. उत्तर असं, की ते आले नाहीत, तुम्हीच आणले. सोंड्याची मादी आपल्या लांब सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं ठेवते आणि चिकट स्रावाने ते भोक लिंपून टाकते. डाग असा की डोळ्यांना दिसू नये. आत अळी निघते, दाणा आतून खात मोठी होते, तिथेच कोषात जाते आणि पूर्ण वाढलेला किडा होऊन भोक पाडून बाहेर येतो. तिशीच्या तापमानात हे सगळं जेमतेम महिन्याभरात. म्हणजे तुम्ही दुकानातून पारखून आणलेला, स्वच्छ, टपोरा गहू एखाद्या भरलेल्या वसतिगृहासारखा असू शकतो, दारं बंद आणि आत सगळे जागे. एक मादी शेकडो अंडी घालते. दोन-तीन महिने डबा उघडला नाही तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

कडधान्याच्या भुंग्याची तऱ्हा निराळी. त्याची मादी मुगावर, चवळीवर, हरभऱ्यावर बाहेरूनच अंडं चिकटवते. पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. मूग निवडताना नखाने खरवडून पाहा, तो निघत नाही. अळी त्या ठिपक्याच्या बुडातून थेट दाण्यात उतरते. मोठी झाली की बाहेर पडण्यासाठी सालीखाली एक गोल खिडकी कोरून ठेवते, साल तेवढी शाबूत. पुढे भुंगा डोक्याने ती उघडतो. त्यानंतर तो धान्य खातच नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, आठ-दहा दिवसांत संपायचं.

हे कळलं, आणि एरंडेलाचा अर्थ उलगडला. डाळी-कडधान्याला, गव्हाला एरंडेलाचा हात फिरवायची आपली जुनी रीत. किलोला चमचाभर तेल, दोन्ही तळहातांनी चोळून, प्रत्येक दाण्यावर नुसती चकाकी येईल इतकंच. त्या चकाकीवर भुंग्याचं अंडं नीट चिकटत नाही, आणि चिकटलं तरी तेलाच्या पापुद्र्याखाली त्याला श्वास मिळत नाही. वाल नि चवळीचं बियाणं राखेत ठेवायच्या रिवाजाची गंमत याहून मोठी आहे. किड्याच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. कोरड्या धान्यात पाण्याचा थेंब न पिता तो जगतो, तो या थराच्या जोरावर. राखेचे कण तो थर खरवडतात, शोषतात. मग अंगातलं पाणी उडून जातं आणि धान्याच्या राशीत बसलेला किडा तहानेने मरतो. चुलीतली राख! कडुलिंबाच्या पाल्याबद्दल मात्र मी तितकासा भाविक नाही. सावलीत खडखडीत वाळवलेला असेल तर किड्यांना थोडं दूर ठेवतो, पण ताजा तोडून कोठीत कोंबला तर त्याच्यासोबत आपण ओलच आत घालतो.

उन्हाचंही असंच. गच्चीवरचं मे महिन्यातलं ऊन दाणा वाळवतं, आणि दाणा 50 अंशांच्या पुढे तापला तर आतली अळीही फार वेळ तग धरत नाही. फक्त तो तापलेला गहू तसाच कोठीत भरायचा नाही. रात्री पत्रा गार होतो, गरम धान्यातली वाफ झाकणाखाली थेंब होऊन बसते आणि दिवसभराचं वाळवण त्या थेंबांत जातं.

पण सगळ्यात धाडसी युक्ती जमिनीखालची. ‘पेव फुटणे’ आपण रोज म्हणतो, क्लासेसचं पेव फुटलं, टॉवरचं पेव फुटलं. पेव पाहिलेली माणसं आता थोडी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, खाली रांजणासारखं पोट, बाजू सारवलेल्या, तळाला-कडेला गवत-कडबा. त्यात ज्वारी ओतायची आणि तोंड लिंपून टाकायचं. आत झोपलेले दाणे आणि जागे किडे मिळून उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. मग किडे गुदमरतात, आणि दाणा तेवढ्या हवेतही पडून राहतो, कारण त्याची गरजच नाममात्र. पेव उघडताना म्हणूनच जपायचं. झाकण काढून वारा खेळू द्यायचा, कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर आत उतरायचं नाही. घाई केलेल्यांचे जीव गेलेले आहेत.

सांगलीजवळच्या हरिपुरात अशी पेवं हळदीसाठी होती. हळकुंड आधी शिजवलेलं, त्यामुळे त्यात झोपायला कुणी उरलेलं नसतं, पण बंद हवेत त्याला कीड लागत नाही, रंगही टिकतो. 2005 च्या पुरात यातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं, तिथेही धान्याची कोठारं आणि जमिनीतली बळदं सापडली. त्या वस्तीला तीन हजारांहून जास्त वर्षं झाली. ज्वारी तेव्हा नव्हती बहुधा, सातू होता. बेगमीची चिंता मात्र हीच असणार.

गिरणीतून दळण आलं की हिशोब बदलतो. बाजरीत तेल बरंच, पण अख्ख्या दाण्यात ते आपल्या जागी बंद असतं. दळलं की तेल आणि ते फोडणारं विकर एकमेकांना भिडतात, आणि पीठ आठवड्या-दोन आठवड्यांत कडवट होतं. बाजरी वर्षभर ठेवणाऱ्या घरात पीठ तेवढ्यासाठी लागेल तसंच दळून आणतात. रवा भाजून ठेवायचा तो आतली अंडी मरावीत म्हणून. भाजायचा कंटाळा असेल तर घट्ट पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये टाकला तरी काम होतं.

दोन बाबतींत मात्र कौतुक बाजूला ठेवतो. बुरशी धरलेलं धान्य निवडून, धुऊन, उन्हात टाकून वापरायचं नाही. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशीचा मका खाऊन 397 माणसं आजारी पडली आणि 106 दगावली. ते विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवल्याने जात नाही. खवट, सुरकुतलेला शेंगदाणाही त्याच कारणाने टाकायचा, चटणीत खपवायचा नाही. दुसरं, गोळ्या. तांदळात पाऱ्याच्या गोळ्या ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. पारा म्हणजे विष, तो ताटाच्या इतक्या जवळ कशाला? आणि गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणूच नयेत. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने उठलेली नाहीत.

आता आमच्याकडे कोठी नाही. फ्लॅटच्या ओट्याखाली तीस किलोचा कट्टा बसतो तेवढाच गहू. तरी भाद्रपद सरला की मी तळाचे दाणे वेगळे काढून ठेवतो. घटस्थापनेच्या दिवशी पत्रावळीवर काळी माती पसरून बायको त्यातले मूठभर पेरते, मधे घट ठेवते, वरून पाण्याचा हात. मे महिन्यात डब्यात गेलेला गहू. तिसऱ्या माळेला माती ठिकठिकाणी उचललेली दिसते. पाचव्या माळेपर्यंत देवघराच्या अंधारात बोटभर उंचीचे, फिकट पिवळे कोंब उभे असतात, आणि शेजारच्या काकू येऊन घट पाहतात, म्हणतात, ‘यंदा दाट आलाय हो तुमचा.’