रील्सवर घर चालतं का?

काल सीवूड्सहून लोकलमध्ये चढलो. सोसायटीतली कॉलेजची मुलगी भेटली. म्हणाली, "दादा, रील्स करून खरंच घर चालतं का?"

मी ब्रँडसाठी व्हिडिओ लिहितो, म्हणून सविस्तर सांगतो.

यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉचटाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. पण हा पैसा बेभरवशाचा. माझ्या अनुभवात खरी कमाई ब्रँडच्या कामातूनच होते आणि ब्रँड विश्वास बघतात.

भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल आठवा. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये सुरू केलं. आपल्या घरातली आई, आपलीच भाषा. आधी प्रेक्षक जमला, म्हणून ब्रँड आले.

माझं पहिलं काम वाशीच्या एपीएमसीतल्या एका आंबेवाल्या काकांचं. 'घ्या घ्या' अजिबात नाही. हापूस देठाजवळ हुंगून कसा ओळखायचा, पेटी घरी कशी पिकवायची, एवढंच दाखवलं. आठवडाभर काकांचा फोन वाजत होता. लोकांना उपयोगाचं द्या, विक्री मागून येते!

दोन गोष्टी नवीन मुलं हमखास विसरतात. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचे तसे नियम २०२१ पासून आहेत. आणि ब्रँडने दिलेला महागडा फोन ठेवून घेतलात, तर तोही उत्पन्नात धरला जातो.

पहिल्या कामाचा दर कसा सांगायचा, करारात काय बघायचं, कमेंटमध्ये विचारा. प्रत्येकाला उत्तर देईन.